टीनएजर मुलांचे ज्यू कॅम्प: कोणी पाठवलंय का, आणि त्यात आपलं कोकण किती असावं?

चेंदणीवाली:

नमस्कार मंडळी. हा धागा मुद्दाम मराठीत काढतेय, कारण आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळं इंग्रजीतून चालतं आणि आजी-आजोबा मंडळी त्यात मागे पडतात, आणि खरं सांगायचं तर या विषयावर त्यांनीच बोलायला हवंय.

विषय आहे आमच्या, म्हणजे बेने इस्रायल समाजातल्या, तेरा ते अठरा वयाच्या मुलांचे कॅम्प. ज्यांना बेने इस्रायल म्हणजे कोण हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आम्ही कोकणातले ज्यू. पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून आले अशी आमच्याकडची परंपरा, तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात नाव शनिवार तेली. आडनावं केहिमकर, दिवेकर, पेणकर, नवगावकर, म्हणजे गावावरूनच. १९४८ नंतर बहुतेक घरं इस्रायलला गेली. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या भारतात ज्यू साडेचार हजारांच्या आसपास, त्यातले निम्म्याहून जास्त महाराष्ट्रात. आता यात टीनएजर किती असतील याचा तुम्हीच विचार करा.

माझी लेक पंधरा वर्षांची आहे. तिच्या शाळेत ती एकटी ज्यू. बाई वर्गात दुसऱ्या महायुद्धाचा धडा घेतात तेव्हा अख्खा वर्ग मान वळवून हिच्याकडे बघतो, एरवी कुणाला पारशी वाटते, कुणाला ख्रिश्चन. कुणी वाईट वागत नाही, उलट मैत्रिणी सणाला आवर्जून घरी येतात, पण प्रत्येक वेळी सांगावं लागतं की आम्ही कोण, शनिवारी बाहेर का जेवत नाही, कोळंबी का नाही खात, मटण आणि दही एकत्र का नाही. सांगायला काही नाही, पण पंधराव्या वर्षी कुणालाच रोज उठून स्वतःची ओळख करून द्यायला आवडत नाही.

तर दिवाळीच्या सुट्टीत ती कॅम्पला गेली होती, घाटाखाली एका रिसॉर्टवर. मुंबई, ठाणे, पुणे, पनवेल, अलिबागकडची मुलं एकत्र. शुक्रवारी दुपारपासून धावपळ, सहाच्या आसपास सूर्य मावळणार आणि मेणबत्त्या त्याच्या अठरा मिनिटं आधी लागायला हव्यात, म्हणून पोरींच्या बाथरूमबाहेर बादल्यांची रांग, एकीचे केस ओले तर दुसरी पांढरा कुर्ता शोधतेय, मोबाईल सगळे एका पिशवीत. पॅसेजचे दिवे मुद्दाम चालू ठेवलेले कारण शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र या विश्रांतीच्या दिवशी, बटण दाबत नाहीत. आणि रात्री दहाला रिसॉर्टच्या वॉचमनकाकांनी सवयीप्रमाणे फटाफट सगळे दिवे घालवले! आता झाली पंचाईत. आपण बटण दाबायचं नाही आणि शब्बाथला दुसऱ्याला 'दिवा लाव' असं सरळ सांगणंही बसत नाही. मग एक पोरगा म्हणे काकांना नुसतं म्हणूया की इथे फार अंधार आहे हो, दुसरी म्हणे ही पण सांगण्याचीच युक्ती झाली की, तिसरा म्हणे कुणी अंधारात पडलं तर काय, जिवाचा धोका असेल तर शब्बाथ मोडतात हे तर सगळ्यांना माहितीये पण हा काय जिवाचा धोका आहे का. तासभर अंधारात बसून वाद. लेक म्हणाली मम्मी इतकी मजा कधीच आली नव्हती. मी म्हणेन की हाच खरा वर्ग, हे घरी मी एकटीने कितीही समजावलं असतं तर तिने कानाआड केलं असतं.

म्हणजे पाठवावं की नाही याबद्दल माझ्या मनात शंका नाही, जरूर पाठवा. पण ती घरी आली ती सगळी गाणी नव्या चालीत म्हणत. पुढच्या शुक्रवारी 'लखा दोदी', म्हणजे शब्बाथच्या स्वागताचं गाणं, सुरू केलं आणि माझ्या सासूबाई, ज्यांना आख्खं पाठ आहे, त्या गप्प बसून राहिल्या कारण ती चाल त्यांची नव्हतीच. कॅम्पला फलाफल झालं, हुमुस झालं, इस्रायली नाच झाले. मलिदा, म्हणजे नवसाला आपण करतो तो गोड पोहे-खोबऱ्याचा प्रसाद, तो नाही झाला. एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं, नाव निघालं पण अलिबागजवळ खंडाळ्याला त्याच्या रथाच्या खुणा मानलेला खडक आहे, जिथे आपले लोक नवस फेडायला जातात, ते मुलांना कुणी सांगितलं नाही. मला वाटतं इतकी मुलं एकत्र येतात तर त्यात आपलं कोकण असलंच पाहिजे, नाहीतर मुलांना ज्यू म्हणजे काहीतरी बाहेरून आलेलं वाटेल आणि आजीच्या घरातलं जे आहे ते कमी अस्सल वाटेल. तुमचे अनुभव लिहा, कुठल्याही देशातले चालतील.

निसर्गवेडा:

छान लिहिलंय, बरीच माहिती नवीन मिळाली. शनिवार तेली हे नाव माझ्या आजोळी रोह्याला ऐकलेलं पण संदर्भ माहीत नव्हता. एक प्रामाणिक प्रश्न विचारतो, राग मानू नका. मुलांना धर्माप्रमाणे वेगळं काढून कॅम्पला नेणं कितपत बरं? माझ्या मुलाला मी मुद्दाम सगळ्या जातीधर्माची मुलं असतील अशाच ट्रेकिंगच्या शिबिराला पाठवतो. या वयात आपण आणि ते अशी रेघ डोक्यात बसली की पुढे पुसायला कठीण जाते असं माझं मत. आणि तिथे नक्की काय शिकवतात, पाठांतर वगैरे?

चेंदणीवाली:

निसर्गवेडा, राग कशाला. तुमचा मुद्दा मी घरीच ऐकलाय, माझ्या नवऱ्याचं सुरुवातीला हेच म्हणणं होतं.

पण संख्येचा विचार करा. तुमचा मुलगा वर्षभर शाळेत, सोसायटीत, गणपतीत आपल्यासारख्यांच्यातच असतो आणि मग शिबिरात वेगळी मुलं भेटतात, ते चांगलंच आहे. माझ्या लेकीचं बरोबर उलटं आहे. ती वर्षभर वेगळ्यांच्यातच असते, वर्गात, क्लासला, बसमध्ये, आणि आपल्यासारखी मुलं भेटायची जागा फक्त हीच. आमच्या मुंबईतल्या जुन्या ज्यू शाळांचंच बघा, माझगावची सर एली कदूरी शाळा १८७५ साली बेने इस्रायल मुलांसाठी निघालेली, आज तिथे बहुतेक मुलं मुस्लिम आहेत, आणि ती छान चालते, मला त्याचा अभिमानच आहे. पण म्हणजे ज्यू मुलांनी एकत्र शिकायची शाळा अशी आता राहिली नाही, जी काही शाळा आहे ती हा कॅम्पच.

पाठांतर जवळपास नाहीच. मोठी मुलं लहानांचं बघतात, त्यांना मद्रिख म्हणतात, मुलगी असेल तर मद्रिखा, तीच वीस-बावीसची कॉलेजची पोरं. खेळ, नाटुकलं, चर्चा, रात्री शेकोटी. प्रार्थना असते, सकाळची थोडी पेंगतच होते म्हणे. आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते ती म्हणजे मिन्यान. आमच्यात सामुदायिक प्रार्थनेला तेराच्या वरचे दहा पुरुष लागतात. रेवदंड्याला, पेणला, अलिबागला सुंदर सिनेगॉग उभी आहेत पण सणवार सोडला तर दहा माणसं जमणं मुश्कील. तिकडच्या एका मुलाने कॅम्पला पहिल्यांदा असं मिन्यान बघितलं ज्यात त्याच्याच वयाची मुलं होती, सगळे साठीचे नाहीत. तो मुलगा घरी जाऊन वडिलांना म्हणाला की मला तोराह (आमचा धर्मग्रंथ) वाचायला शिकायचंय. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

आणि हो, मुलींनी लगेच विचारलंच की दहात आम्ही का नाही. त्यावर बराच वेळ चर्चा झाली, उत्तर काही निघालं नाही, पण प्रश्न मोकळेपणी विचारता आला हे मला आवडलं.

भायखळा_टू_बुडापेस्ट:

ताई धागा काढलात ते बरं केलंत. मी मद्रिख म्हणून इथल्या कॅम्पला पण जातो आणि भारतातून जो मुलांचा ग्रुप हंगेरीला सारवाशच्या कॅम्पला जातो त्याच्याबरोबर पण गेलोय, तर दोन्हीबद्दल लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

सारवाश हे हंगेरीच्या आग्नेयेला छोटं गाव आहे, बुडापेस्टहून बसने अडीच-तीन तास, वाटेत सगळी सपाट शेतं, सूर्यफूल आणि मका. कोरोश नदीच्या जुन्या पात्राच्या काठावर कॅम्प आहे, मोठी झाडं, लाकडी बंगले. १९९० ला लॉडर फाउंडेशन आणि जॉइंट या दोन संस्थांनी मिळून सुरू केला. वर्ष लक्षात घ्या, नुकतीच कम्युनिस्ट राजवट संपलेली. तिकडचा इतिहास असा की १९४४ च्या उन्हाळ्यात दोन महिन्यांच्या आत चार लाखांवर हंगेरियन ज्यूंना गाडीत कोंबून नेलं, बहुतेकांना ऑशविट्झला, आणि जे वाचले त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी पुढची चाळीस वर्षं पोरांना सांगितलंच नाही की आपण ज्यू आहोत. भीतीच तशी होती. मग ही नातवंडं कॅम्पला यायला लागली, तिथे मेणबत्ती कशी लावतात, ब्रेडवर काय म्हणतात हे शिकली आणि घरी जाऊन आईबापांना शिकवायला लागली. म्हणजे उलटी गंगा. आता तिथे दर उन्हाळ्यात बारा-बारा दिवसांच्या बॅचेस होतात, पोलंड, रुमानिया, बल्गेरिया, सर्बिया, तुर्कस्तान, इस्रायल, अमेरिका, कुठून कुठून मुलं येतात, आणि आपलीही असतात.

जेवणाचा हॉल ही बघण्याची गोष्ट आहे. शेकडो पोरं, सूचना एकामागून एक वेगवेगळ्या भाषांत, प्रत्येक भाषा संपली की त्या देशाचं टेबल ओरडतं. जेवणानंतरची प्रार्थना टेबल बडवत म्हणतात, ताटं उडतात अक्षरशः. आपली मुलं पहिल्या दिवशी बावरून बसलेली कारण आपल्याकडे सिनेगॉगमध्ये चपला काढून आत जायचं आणि आवाज खाली, तिसऱ्या दिवशी सगळ्यात जोरात टेबल आपलंच वाजत होतं. तालात आपल्या पोरांना कोण हरवणार, गणपतीत ताशा ऐकून वाढलेली.

पण गंमत अशी की जी मुलं इथे शाळेत स्वतःची ओळख देऊन दमलेली असतात त्यांना तिथे परत तेच करावं लागतं, फक्त उलट बाजूने. भारतात ज्यू असतात? तुम्ही नंतर धर्म बदलला का? हिंदी सिनेमातले डान्स येतात का? आमच्यातली एक मुलगी पहिल्या रात्री रडली, म्हणाली दादा इथे तरी वाटलं होतं सांगावं लागणार नाही. मी काही मोठं भाषण दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीतल्या एका हंगेरियन मुलीने तिला विचारलं की तुमच्या आजीने तुम्हाला कधी सांगितलं तुम्ही ज्यू आहात म्हणून. हिला प्रश्नच कळला नाही. कधी म्हणजे? लहानपणापासून माहितीच आहे, आजीच्या दाराला मझुझा (चौकटीला लावतात ती प्रार्थनेची डबी) आहे, शेजारच्या कुलकर्णी काकू दारफळणीच्या सणाला (योम किप्पुर, प्रायश्चित्ताच्या उपासाचा दिवस) उपास सोडायला घरी येतात, अख्ख्या चाळीला माहितीये. त्या हंगेरियन मुलीला हे खरंच वाटेना की कुठल्यातरी देशात पिढ्यानपिढ्या ज्यू असून कुणाला लपावं लागलं नाही. दोघी रात्रभर बोलत बसल्या. त्यानंतर ही पोरगी सगळ्यांना स्वतःहून सांगत सुटली, नवगाव, घाणा, शनिवार, सगळं.

आपल्या देशाची ओळख करून द्यायची एक संध्याकाळ असते तेव्हा आम्ही मलिदा केला. पोहे घेऊन गेलो होतो, पातळ नाही, जाडे. ओला नारळ मात्र तिथे मिळेना, सुक्या खोबऱ्यावर भागवलं, चव तशी नाही आली, पण वेलची जायफळाचा वास सुटला आणि रुमानियाची पोरं ताटाभोवती जमली. एलियाहू हन्नाबी आपल्या चालीत म्हटलं. तर ताई तुमच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा, आणि मला हे लागतं की हंगेरीत आम्ही मलिदा केला आणि इथल्या कॅम्पला करत नाही.

पोकोनोजची_नर्स:

मी मूळची सातारची, ज्यू नाही, पेनसिल्व्हेनियात पोकोनो डोंगरात एका ज्यू समर कॅम्पवर उन्हाळ्यात नर्स म्हणून काम करते. म्हणजे बाहेरची पण जवळून बघणारी.

इकडे हा प्रकार फार जुना आणि फार मोठा आहे. पोरं आठव्या-नवव्या वर्षापासून येतात ती कॉलेजपर्यंत येत राहतात, कुणी चार आठवडे कुणी आठ. रामा नावाच्या कॅम्पांची साखळी आहे त्यांचा पहिला कॅम्प १९४७ ला विस्कॉन्सिनमधे सुरू झाला. फोन बंद, घरी पत्र लिहायचं, हाताने. पहिल्या दिवशी आमचं काम म्हणजे सगळ्यांच्या डोक्यातल्या उवा तपासणं, मग जेवणानंतर गोळ्यांची रांग, मग डास, मग पॉइझन आयव्हीचं पुरळ, आणि रात्री दहानंतर पोट दुखतंय म्हणत येणारी मुलं ज्यांचं पोट दुखत नसतं, घर आठवत असतं. त्यांना आलं घातलेला चहा देते माझा, गुण येतो.

शुक्रवारी मात्र सगळा कॅम्प बदलतो. दिवसभर फुटबॉल खेळून मातीत लोळलेली पोरं संध्याकाळी पांढऱ्या कपड्यांत तळ्याकाठी ओळीने बसतात, आणि सोळा वर्षांचा दांडगा पोरगा आठ वर्षांच्या पोराला खांद्यावर घेऊन गातो. माझ्या कॅम्पवर मुली पण तोराह वाचतात आणि दहात मोजल्या जातात, त्यांच्यात वेगवेगळे पंथ आहेत, काही ठिकाणी मोजतात काही ठिकाणी नाही, तर चेंदणीवाली ताई तुमच्या मुलींचा प्रश्न इकडच्या मुलींनी पण विचारूनच पुढे गेलाय म्हणा. नवव्या अवचा उपास उन्हाळ्यातच येतो, जेरुसलेमचं मंदिर पाडलं त्याच्या शोकाचा दिवस, त्या रात्री सगळे जमिनीवर बसतात आणि ज्या कॅम्पात एरवी कान बधीर होतात तिथे कुजबूज फक्त.

खर्च मात्र कंबर मोडणारा, हजारो डॉलर. पहिल्यांदा येणाऱ्या मुलाला हजार डॉलरपर्यंत मदत मिळायची एक योजना आहे, शिवाय बऱ्याच घरांना सिनेगॉग मदत करतात. समाजानेच ठरवलंय की पैशापायी मूल मागे राहता कामा नये. मला राहून राहून वाटतं आपल्या मराठी मंडळांनी हे बघावं. आपण रविवारची मराठी शाळा दोन तास चालवतो आणि पोरं दहाव्या वर्षी यायची बंद होतात, कारण तेव्हाच त्यांना आईबाप सोडून मित्र हवे असतात. इथे नेमकं त्याच वयात मित्र देतात आणि बाकीचं आपोआप मागून येतं.

निसर्गवेडा:

ताई, तुमचं उत्तर पटलं. संख्येचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. आणखी एक विचारू का, नको असेल तर सोडून द्या. इस्रायल-गाझाबद्दल मुलांना काय सांगतात? कारण टीनएजर मुलं मोबाईलवर सगळं बघतातच.

भायखळा_टू_बुडापेस्ट:

विचारलंत ते बरं. ऑक्टोबर २०२३ नंतर तर टाळताच येत नाही. आपल्या प्रत्येक मुलाचं कुणी ना कुणी तिकडे आहे, आत्या, मामा, चुलत भाऊ लष्करात. आणि प्रत्येकाचे शाळेत मुस्लिम मित्र आहेत, भायखळ्यात तर शेजार सगळा मुस्लिमच, आमच्या सिनेगॉगची देखभाल कित्येक वर्षं मुस्लिम कामगार करत आलेत. मी एक सत्र घेतलं त्यात मी बोललोच नाही, मुलांना बोलू दिलं. एक जण म्हणाला भावाची काळजी वाटते रात्री झोप येत नाही, एक म्हणाली गाझातल्या लहान मुलांचे फोटो बघून मला पण रडू येतं आणि हे मी घरी बोलू शकत नाही. दोघं एकमेकांवर ओरडले नाहीत. मला एवढंच हवं होतं. बाकी राजकारण वेगळ्या धाग्यावर, इथे नको.

अश्दोदची_मावशी:

शालोम आणि नमस्कार. मी १९७० च्या आसपास अलिबागहून आले, आता अश्दोदला. इथे मराठी लिहायला मिळतं म्हणून रोज वाचते.

चेंदणीवाली बाळा तू सासूबाईंचं लिहिलंस ना, ते वाचून मला थांबायला लागलं. आमच्या लोकांनी इकडे येऊन फार सोसलंय. इथल्या धर्मपीठाने सुरुवातीला आमच्या लग्नांवरच शंका घेतली, तुम्ही अस्सल की नाही म्हणून. आमची माणसं रस्त्यावर उतरली, जेरुसलेमला धरणं धरलं, १९६४ ला कुठे सरकारने आणि मग धर्मपीठाने मान्य केलं की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत. इतकं झालं तरी आम्ही चाली सोडल्या नाहीत, पण पोरांना शाळेत लाज वाटायची म्हणून घरात दबक्या आवाजात म्हणायचो. आता माझी नातवंडं हिब्रू बोलतात, मराठीत फक्त 'आजी भूक लागली' येतं. आणि आता तीच विचारतात की आजी मेंदीच्या रात्रीचं ते गाणं शिकव. पण मला आता सगळी कडवी आठवत नाहीत.

म्हणून सांगते, मुलांना कॅम्पला जे शिकवतायत ते शिकू दे, सगळ्या जगातले ज्यू जे गातात ते त्यांना आलं पाहिजे, नाहीतर ती कुठेही गेली की गप्प बसतील. पण आपली चाल तेरा-चौदाव्या वर्षी कानात गेली पाहिजे. त्या वयातलं विसरत नाही माणूस. आणि रेकॉर्ड करून ठेवा गं सासूबाईंचं, उद्यावर टाकू नका.

चौलकर_आजोबा:

माझा नातू टाईप करतोय मी सांगतोय. आमच्या लहानपणी मुंबईत हबोनिम होती, तरुण मुलांची संघटना, इंग्लंडात १९२९ ला निघालेली. आम्ही पण कॅम्पला जायचो, तंबू ठोकायचे, स्वयंपाक आपला आपण, रात्री हिब्रू गाणी. ती सगळी तयारी इस्रायलला जाण्यासाठी असायची आणि बहुतेक गेलेच. माझ्या तंबूतले सगळे गेले, मी राहिलो कारण वडिलांची तब्येत. म्हणजे कॅम्पमुळे समाज जागा झाला हे खरं आणि रिकामा झाला हेही खरं. आता जे कॅम्प होतात त्यात मुलांना जायचंय तर जाऊ दे, राहायचंय तर इथे कसं राहायचं तेही शिकवा. इथे राहण्याचं शिक्षण म्हणजे काय, तर मलिदा कसा करतात, कीर्तन काय होतं. आपल्या लोकांनी १८८० पासून मुंबईत मराठी कीर्तनं केली आहेत, अब्राहामाची, मोशेची, ओव्या-साक्यांत, झांजा घेऊन. आमच्या आईला एक आख्यान पाठ होतं. पुण्याला १८७४ ला हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायचं पुस्तक, छापलेली आहे हिब्रू आणि मराठी, त्यातली चित्रं मुलांना दाखवा, नऊवारीसारख्या साड्या नेसलेल्या बायका मात्झा, म्हणजे सणाची बिनखमिराची भाकरी, करतायत त्यात. पोरांना बघून कळेल की आपण कोण.

भायखळा_टू_बुडापेस्ट:

आजोबा नमस्कार. तुमचं शेवटचं वाक्य मी प्लॅनिंगच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवणार आहे.

आमची अडचण पण सांगतो, सबब म्हणून नाही. आम्ही मद्रिख लोक स्वतःच बाहेर ट्रेनिंगला जाऊन शिकलो, तिथे जे शिकवलं तेच आम्ही पुढे देतो. आपल्या चाली आमच्यातल्या निम्म्यांना येत नाहीत. मागे मी क्विझ घेतलं, नव्याचा सण कुठला, खिरीचा सण कुठला, बिरड्याचा सण कुठला. रोश हशाना, म्हणजे आपलं नवं वर्ष, सगळ्यांना माहीत, नव्याचा सण म्हणजे तोच हे कुणालाच नाही. बिरड्याचा सण म्हणजे नर्सताईंनी लिहिलाय तोच नवव्या अवचा उपास, उपासानंतर वालाचं बिरडं खायचं म्हणून. त्यामुळे आजी लोकांनी कॅम्पला यायला हवं, प्रत्यक्ष. रविवारी पाहुणे म्हणून तास-दोन तास नाही, रात्री मुक्कामाला.

पनवेल_नवीन:

मी पहिल्यांदाच लिहितेय. मुलगा चौदाचा, खूप लाजाळू, कधी घर सोडून राहिला नाही. मिस्टर म्हणतात पाठवू. सिक्युरिटीची भीती वाटते, २००८ ला नरिमन हाऊसचं झालं तेव्हापासून मनात बसलीये. आणि शनिवारी त्याच्या शाळेत युनिट टेस्ट असते ती बुडेल. काय करावं?

चेंदणीवाली:

पनवेल_नवीन, आधी तुमचं. ठिकाण कुठेही जाहीर करत नाहीत, ग्रुपवर सुद्धा नाही, फॉर्म भरला की आईवडिलांनाच फोनवर सांगतात, आणि स्थानिक पोलिसांना आधी कळवलेलं असतं. मी स्वतः जाऊन बघून आले होते, तुम्हीही विचारा, कुणी वाईट वाटून घेत नाही. धाग्यावर मात्र जागा, तारीख कुणी लिहू नका ही सगळ्यांनाच विनंती. लाजाळू मुलांना मद्रिख बरोबर हेरतात, त्याला काहीतरी काम द्या म्हणून सांगा, शब्बाथची टेबलं लावायचं वगैरे, काम हातात असलं की लाजायला वेळ मिळत नाही. टेस्टचं म्हणाल तर शाळेला आधी लेखी कळवा की शनिवार आमचा धार्मिक दिवस आहे. महाराष्ट्रात २०१६ पासून ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा आहे, त्याचा उल्लेख पत्रात करा. माझ्या लेकीच्या शाळेने सोमवारी पेपर घेतला, मुख्याध्यापिका बाईंनी उलट विचारलं की आधी का नाही सांगितलंत.

मावशी, तुमच्या सांगण्यावरून सासूबाईंचं रेकॉर्डिंग सुरू केलंय. पहिल्यांदा फोन समोर धरला तर लाजल्या, मग मी भांडी घासत असताना आपोआप गायला लागल्या, तेव्हा फोन ओट्यावर ठेवून दिला. नळाचा आवाज आलाय मधेमधे पण चाल स्पष्ट आहे. मेंदीच्या गाण्याची कडवी त्यांना येतात, टाईप करून पाठवते.

आणि बाकी सगळ्यांसाठी: भायखळ्याच्या दादाशी बोलणं झालंय, पुढच्या कॅम्पला मलिदा होणार. शनिवारी दिवसा खोबरं किसणं वगैरे चालणार नाही, म्हणून तीन तारे दिसले, हव्दाला (शब्बाथ संपल्याची प्रार्थना) झाला की लगेच बसायचं. सासूबाई आणि पेणच्या एक काकू मुक्कामाला येतायत. सगळं मुलांनीच करायचं असं ठरलंय, पोहे धुऊन निथळत ठेवणं, नारळ फोडणं, खोबरं खोवणं, गूळ की साखर यावर सासूबाईंचं आणि काकूंचं अजून एकमत नाही तर दोन्ही करू. पाच फळं, खजूर, सब्जाची पानं काकू आणतील. लेकीने कबूल केलंय की 'लखा दोदी' शुक्रवारी नव्या चालीत आणि शनिवारी रात्री एलियाहू हन्नाबी आजीच्या चालीत, आणि आजीच सुरू करून देणार.

अडलंय ते विळ्यांवर. रिसॉर्टच्या किचनमधे मिक्सर आहे, विळी नाही, शिवाय तिथली भांडी आम्ही वापरत नाही. आमच्याकडच्या सगळ्या जमेस धरल्या तरी इतक्या मुलांना पुरणार नाहीत, आणि यातल्या बऱ्याच जणांनी आयुष्यात विळीवर बसून नारळ खोवलेला नाही, तर हात कापू नये म्हणून प्रत्येक विळीपाशी एक मोठं माणूस हवं. ठाणे, मुलुंड, पनवेल भागात कुणाकडे माळ्यावर खोवणीची विळी पडून असेल तर मेसेज करा, मी येऊन घेऊन जाते, धार लावून परत आणून देईन.